कड्याच्या कपारीतली घरं: मेसा वर्देला पहिल्यांदा जाताना

अमेरिकेत मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आपल्या मंडळींच्या सहलीत ग्रँड कॅन्यन हमखास असतो. तिथून साधारण पाच तासांवरचं मेसा वर्दे मात्र बहुतेकांच्या यादीत नसतं. ते तिथे असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहायला बसले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच माहिती न काढता गेलो आणि अर्धी घरं लांबूनच पाहून परतलो. दुसऱ्या खेपेला सगळं नीट ठरवून गेलो. त्या दोन खेपांमधून शिकलेलं इथे क्रमाने सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'कड्यातली घरं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळ येतं, म्हणजे डोंगर आत कोरत नेलेला. इथे तसं नाही. इथल्या कपारी निसर्गाने केलेल्या आहेत आणि त्या कपारींत माणसांनी दगडावर दगड रचून, मातीचा गारा लावून दोन-तीन मजली घरं बांधली. डोंगर म्हणजे फक्त छप्पर. हे लक्षात ठेवून पाहिलं की लेण्यांसारखं शिल्प शोधत बसणं थांबतं आणि स्वयंपाकाची जागा, धान्याची कोठी, उंबरठा दिसायला लागतो.

मेसा वर्दे राष्ट्रीय उद्यान कोलोराडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. १९०६ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. उद्यानात सुमारे ५००० पुरातन जागा आहेत, त्यातल्या सुमारे ६०० कपारीतल्या वस्त्या. ज्यांनी त्या बांधल्या ते पुएब्लो लोकांचे, म्हणजे अमेरिकेच्या या नैर्ऋत्य भागातल्या मूळ रहिवाशांचे, पूर्वज. ते या पठारावर साधारण इसवी सन ५५० पासून राहत होते. आधी जमिनीत खणलेल्या खोपट्यांत, मग पठारावरच्या दगडी घरांत, आणि अगदी शेवटी, १२०० च्या आसपास, त्यांच्यातले पुष्कळजण कपारींत उतरले. १३०० पर्यंत सगळे दक्षिणेकडे निघून गेले होते. म्हणजे जी घरं पाहायला आपण एवढ्या लांब जातो, ती जेमतेम तीन-चार पिढ्यांनी वापरली.

आधी तिकीट, मग बाकीचं

उद्यानात शिरायचं शुल्क वेगळं आणि घरांच्या आत जायचं तिकीट वेगळं. पहिल्या खेपेला आमचं नेमकं इथेच चुकलं. क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस आणि लाँग हाउस या तिन्ही वस्त्यांत फक्त रेंजरबरोबरच (उद्यानाच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याबरोबर) जाता येतं आणि प्रत्येक गटात मोजकीच माणसं घेतात. तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. भेटीच्या १४ दिवस आधी, तिथल्या सकाळी आठ वाजता, त्या दिवसाची तिकिटं खुली होतात. उन्हाळ्यात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, त्यामुळे पुण्या-मुंबईहून तिकीट काढून देणाऱ्यालाही वेळ सोयीची आहे. सुट्टीच्या दिवसांची तिकिटं भराभर संपतात. मी शेवटचं काढलं तेव्हा माणशी ८ डॉलर पडले होते.

रेंजरबरोबरच्या या फेऱ्या साधारण मे ते ऑक्टोबर असतात. कधी दरड कोसळते, कधी रस्त्याचं काम निघतं, कधी एखादी वस्ती वर्षभर बंद असते. म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या हंगामात काय खुलं आहे ते बघाच. स्प्रूस ट्री हाउसचं उदाहरण घ्या. ही सगळ्यांत चांगल्या अवस्थेत राहिलेली आणि पोहोचायला सोपी वस्ती. पण वरच्या कमानीतून दगड सुटायला लागले म्हणून २०१५ पासून ती बंद आहे. संग्रहालयाजवळच्या कठड्यावरून मात्र छान दिसते.

तिघांपैकी कोणती निवडायची

क्लिफ पॅलेस सगळ्यांत मोठी. सुमारे १५० खोल्या, वीसहून अधिक किवा, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या गोल खोल्या. उंचसखल दगडी पायऱ्या उतरायच्या आणि परत वर येताना आठ-दहा फुटांच्या काही शिड्या चढायच्या. रोज थोडं चालणाऱ्या माणसाला हे जमतं. पहिल्यांदाच जाणार असाल आणि एकच तिकीट मिळणार असेल तर हेच घ्या.

बाल्कनी हाउस लहान, जेमतेम ४० खोल्यांची, पण खरी परीक्षा तिथे आहे. सुरुवातीलाच ३२ फुटांची लाकडी शिडी, म्हणजे तीन मजले. बाहेर पडताना १२ फूट लांब आणि जेमतेम १८ इंच रुंद बोगद्यातून हातापायांवर रांगत जायचं, आणि शेवटी उघड्या कड्यावर कोरलेल्या खाचांमधून, साखळी धरून आणि आणखी दोन शिड्या चढून वर यायचं. ज्यांना उंचीची भीती आहे, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय किंवा बंद जागेत जीव घाबरतो त्यांनी भिडेखातर हो म्हणू नये. मध्यावर पोहोचल्यावर परत फिरणं सगळ्या गटालाच अवघड जातं. ज्यांना झेपतं त्यांनी मात्र सोडू नये. त्या बोगद्यातून सरपटताना कळतं की वस्तीत शिरायचा हा एक अरुंद रस्ता सांभाळला तरी घर सुरक्षित राहत असणार.

लाँग हाउस वेदरिल मेसा नावाच्या दुसऱ्या पठारावर आहे. तिथे गर्दी कमी, चालणं जास्त, जाऊन-येऊन सव्वादोन मैल. त्याच भागात स्टेप हाउस आहे, जिथे हंगामात तिकिटाशिवाय, स्वतःच्या स्वतः उतरता येतं. एकाच कपारीत आधीच्या काळातलं खड्ड्यातलं घर आणि नंतरच्या काळातलं दगडी घर शेजारी-शेजारी पाहायचं असेल तर स्टेप हाउससारखी जागा नाही. मुलांना काळाचा फरक तिथे पटकन समजतो.

लहान मुलांबद्दल एक गोष्ट. चालणाऱ्या मुलाला शिडी स्वतःची स्वतः चढता आली पाहिजे. कडेवर घेऊन चढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तान्ह्या बाळाला पाठीवरच्या पिशवीत नेता येतं, पण त्या बोगद्यात बाळासकट शिरण्याआधी दहादा विचार करा.

पोहोचणं आणि घड्याळ

सगळ्यांत जवळची गावं कॉर्टेझ आणि मँकोस. ड्युरँगो थोडं लांब, साधारण ३५ मैल, पण तिथे विमानतळ आहे आणि जेवणाची सोयही बरी. शाकाहारी असाल तर वाणसामान ड्युरँगोतच भरून घ्या. अल्बुकर्कीहून गाडीने चार-साडेचार तास, डेन्व्हरहून सात-आठ.

उद्यानाचं प्रवेशद्वार आलं म्हणजे पोहोचलो असं समजू नका. दारापासून क्लिफ पॅलेसपर्यंत वीस-एकवीस मैलांचा वळणावळणांचा घाट आहे आणि त्याला पाऊण तास ते एक तास लागतो. वेदरिल मेसाला त्याहून जास्त. आणि ॲरिझोनाकडून येत असाल तर घड्याळ सांभाळा. ॲरिझोनाच्या बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, कोलोराडोत करतात, त्यामुळे वाटेत एक तास हातचा जातो. फेरी वेळेवर सुटते, उशिरा आलेल्यासाठी थांबत नाहीत. आमच्या पुढच्या गटातल्या एका कुटुंबाचं असंच झालं. बिचारे तिकिटं हातात धरून कठड्यावर उभे राहिले होते.

घाटात मोबाईलला रेंज येते-जाते. तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा नाहीतर छापून न्या. पेट्रोलची टाकी खालच्या गावात भरा. मुक्काम आतच करायचा असेल तर हंगामात फार व्ह्यू लॉज आणि मोरफिल्डचा तंबूतळ असे दोन पर्याय आहेत. लॉजमध्ये राहिल्याचा फायदा पहाटे कळतो, कारण सकाळच्या फेरीला घाट चढून यावं लागत नाही.

अंगावर काय, पिशवीत काय

पठाराची उंची ७००० ते ८५०० फूट. आपलं कळसूबाई ५४०० फुटांचं आहे, तेव्हा इथे नुसतं उभं राहिलात तरी तिच्या माथ्यापेक्षा बरेच वर असता. चार पायऱ्यांत धाप लागली तर घाबरू नका, थांबा, पाणी प्या. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, म्हणून तहान लागेपर्यंत थांबू नका. माणशी किमान एक लिटर पाणी घ्या. वस्तीत पाण्याशिवाय खायचं-प्यायचं काही नेता येत नाही. चिवडा, थेपले, लाडू गाडीत ठेवा आणि सहलीच्या बाकांवर बसून खा.

पायात मागे पट्टा असलेले, पकड घेणारे बूट हवेत. चप्पल-सँडल नको. साडी नेसून शिडी चढणं खरोखर धोक्याचं आहे, पाय निऱ्यांत अडकतो. सलवार-कमीज चालेल, पण ओढणी गाडीतच राहू द्या. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकपँट घातली ती इथे, आणि क्लिफ पॅलेसच्या शिड्या माझ्या आधी चढल्या. दोन्ही हात मोकळे हवेत, तेव्हा हातातल्या पर्स, कॅमेऱ्याच्या मोठ्या पिशव्या नको. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह पाऊस येतो, म्हणून शक्य तर सकाळची फेरी घ्या.

आत गेल्यावर काय पाहायचं

इथे जरा सावकाश सांगते, कारण पाऊण-एक तासात बहुतेक लोक फोटो काढतात आणि बाहेर येतात.

सगळ्यांत आधी पाठीमागच्या भिंतीकडे बघा, जिथे कपार जमिनीला मिळते. तिथे ओल दिसेल, कुठे शेवाळ, कुठे थेंब. वरचा वालुकाश्म पाणी झिरपू देतो, खालचा शेलचा थर देत नाही. पठारावर पडलेला पाऊस-बर्फ दगडातून हळूहळू खाली येतो, शेलवर अडतो आणि आडवा बाहेर पाझरतो. हेच पाणी हिवाळ्यात गोठून दगड फोडतं आणि हजारो वर्षांत कपार तयार होते. म्हणजे ज्या पाण्याने घराला जागा करून दिली, तेच पाणी घरात प्यायला होतं. हे कळलं की ही जागाच का निवडली असेल, याचं अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं उत्तर उन्हात आहे. यातल्या पुष्कळ वस्त्या दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन थेट आतल्या भिंतींपर्यंत जातं आणि दगड तापतो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा कड्याची कमान छत्रीसारखी सावली धरते.

मग किवा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कोरडी विहीर वाटते, कारण बहुतेक किवांची छपरं आता उरलेली नाहीत. मूळची किवा म्हणजे जमिनीत उतरवलेली गोल खोली. तिच्यावर लाकडं आणि माती घालून सपाट छप्पर, आणि ते छप्पर म्हणजेच वरच्या घरांचं अंगण. छपराच्या मधोमध भोक, त्यातून शिडी खाली. तिच्या काठाशी उभं राहून आत नीट बघा. मध्यभागी चूल. चुलीच्या एका बाजूला उभा दगड किंवा बुटकी भिंत, आणि त्यामागे भिंतीत चौकोनी भोक, जे बाहेरच्या वायुकुपीला जोडलेलं असतं. धूर वरच्या भोकातून निघून गेला की ताजी हवा कुपीतून खाली ओढली जाते, त्या उभ्या दगडावर आपटते आणि दोन्ही बाजूंनी खोलीभर पसरते, चुलीतली राख मात्र उडत नाही. पंखा नाही, धुराडं नाही, पण खोली गरम राहते आणि डोळे चुरचुरत नाहीत. चुलीच्या पलीकडे जमिनीत एक छोटंसं भोक असेल. त्याला सिपापू म्हणतात. पुएब्लो लोकांच्या श्रद्धेत माणूस खालच्या जगातून या जगात आला, त्या जागेची ती खूण. किवा आजही पुएब्लो गावांत आहेत आणि वापरात आहेत. त्यामुळे इकडे बघताना देवघरात डोकावतो तसं बघा. नाणी वगैरे टाकू नका.

भिंतींजवळ गेलात की हात मागे बांधून बघा. वालुकाश्म ठोकून घडवलेले दगड, मध्ये गारा, आणि गाऱ्यात दाबलेल्या बारीक चिपा. काही ठिकाणी ओल्या गाऱ्यावर उमटलेले बोटांचे ठसे अजून दिसतात. आमच्या रेंजरने टॉर्चच्या उजेडात एक दाखवला. माझ्या करंगळीपेक्षा थोडा रुंद, टोकाला नखाची चंद्रकोर. कुणीतरी चीप दाबून बसवली, बोट फिरवून सांधा सारखा केला आणि पुढच्या दगडाला हात घातला.

कपारीतल्या एका घरापुढे खोलगट झिजलेला दगड आणि त्यावर आडवा लांबट दगड होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर पाटा-वरवंटा." रीत खरंच तीच, दोन्ही हातांनी पुढे-मागे रगडायची, फक्त त्यावर मका दळला जायचा. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची तीन मुख्य पिकं, शेती कपारीत नव्हे तर वर पठारावर. शेतात जायला कड्यात हातापायांपुरत्या खोबण्या कोरलेल्या असत आणि त्यांवरून ते सरसर चढत-उतरत. आपल्याला त्या खोबण्या शिडीवरून दिसतात. पाठीवर कणसांची टोपली घेऊन तिथून उतरायचं म्हणजे काय, ते शिडीला घट्ट धरून उभं असताना फार चांगलं कळतं.

ते गेले कुठे

हा प्रश्न प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारतंच. 'एका रात्रीत गूढरीत्या नाहीसे झाले' ही गोष्ट खरी नाही, ती मुलांना सांगू नका. छपरांच्या लाकडांतल्या वर्तुळांवरून वर्षानुवर्षांचा पाऊस वाचता येतो, आणि त्यात १२७६ ते १२९९ हा मोठ्या दुष्काळाचा काळ स्पष्ट दिसतो. दुष्काळ, दमलेली जमीन, तुटलेलं जंगल, आपसातले तंटे, दक्षिणेकडे आधीच गेलेल्या नातलगांची ओढ, अशी अनेक कारणं अभ्यासक देतात. पण ते संपले नाहीत, स्थलांतरित झाले. ॲरिझोनातले होपी, न्यू मेक्सिकोतले झुनी, आकोमा, लागुना आणि रिओ ग्रांदे नदीकाठची पुएब्लो गावं हे त्यांचेच वंशज. त्यांच्यासाठी हे भग्नावशेष नाहीत, पूर्वजांचं घर आहे.

म्हणूनच 'अनासाझी' हा शब्द आता वापरत नाहीत. तो नवाहो या शेजारच्या जमातीच्या भाषेतला आहे, त्याचा अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज' असा होतो, आणि पुएब्लो लोकांना तो आवडत नाही. जुन्या फलकांवर, जुन्या पुस्तकांत दिसेल, तुम्ही 'पुएब्लोंचे पूर्वज' म्हणा.

'शोध कुणी लावला' यातही तसंच. १८८८ च्या डिसेंबरात रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन या गुराख्यांनी बर्फ पडत असताना क्लिफ पॅलेस पाहिला, असं सांगतात. आपल्याकडे १८१९ साली जॉन स्मिथने अजिंठा 'शोधला' असं शिकवतात, त्यातलाच प्रकार. आसपासच्या युट जमातीच्या लोकांना या वस्त्या आधीपासून ठाऊक होत्या. १८९१ साली गुस्ताफ नॉर्देनशॉल्ड नावाच्या स्वीडिश तरुणाने इथे उत्खनन करून शेकडो वस्तू युरोपात नेल्या आणि त्या पुढे फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचल्या. त्यातले मानवी अवशेष आणि दफनातल्या वस्तू २०२० साली परत आल्या आणि वंशजांनी त्या पुन्हा याच मातीत ठेवल्या. हे वाचल्यावर वाटेत सापडलेली खापराची चीप खिशात घालायचा मोह होणार नाही. झालाच, तर तो कायद्याने गुन्हाही आहे. जिथे आहे तिथेच राहू द्या. भिंतीवर बसणं, टेकणं, हात फिरवून बघणं हेही नको. रोज शेकडो हात लागले की आठशे वर्षांचा गारा टिकत नाही.

ज्यांना शिडी जमणार नाही त्यांच्यासाठी

आई-वडिलांना गाडीत बसवून ठेवू नका. मेसा टॉप लूप हा सहा मैलांचा गाडीरस्ता आहे. थांबत थांबत गेलं की खड्ड्यातल्या घरापासून कड्यातल्या वस्तीपर्यंतची सातशे वर्षं क्रमाने दिसतात. स्क्वेअर टॉवर हाउसचा थांबा चुकवू नका, तिथला चार मजली मनोरा फार देखणा आहे. फार व्ह्यूजवळची पठारावरची घरं सपाट वाटेवर आहेत.

हातात आणखी एक दिवस असेल तर न्यू मेक्सिकोतल्या ॲझ्टेक रुइन्सला जा. (नाव चुकीचं आहे, ॲझ्टेक लोकांशी त्याचा काही संबंध नाही.) तिथली मोठी किवा १९३४ साली छपरासकट पुन्हा उभारली आहे आणि तिच्या आत जाता येतं. मेसा वर्देत वरून पाहिलेल्या त्या 'विहिरी' आतून कशा असतील ते तिथे समजतं. गर्दी नको असेल तर उद्यानाला लागूनच युट माउंटन ट्रायबल पार्क आहे, तिथे युट वाटाडे स्वतः घेऊन जातात. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते.

निघायच्या दिवशी दुपारी उशिरा सन टेंपलच्या थांब्यावर गाडी लावा. तिथून दरीपलीकडे क्लिफ पॅलेस समोरासमोर दिसतो, आणि कलत्या उन्हात सगळी वस्ती मधाच्या रंगाची होते. फोटो तेव्हाच काढा. दुर्बीण असेल तर शेवटचा गट शिड्या चढताना दिसेल. माणसं मुंगीएवढी, आणि त्यांच्यामागे तो चौकोनी मनोरा, गोल मनोरा, खिडक्या. सासूबाईंनी बराच वेळ दुर्बीण डोळ्यांना लावून ठेवली होती. त्या सकाळी ज्या किवाच्या काठाशी उभ्या होत्या, ती शोधत होत्या.